साच्यानं प्यालेली वाटी

नागपूरच्या प्रयोगशाळेत रोशनी रामटेकेची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यावरून थोडीफार थट्टाही चालायची. यंत्राला अनोळखी धातूंचे नमुने खाऊ घालताना अधूनमधून एक ओळखीचा घास द्यावा लागतो. त्याचं उत्तर आधीच पाठ असतं; ते बरोबर आलं की यंत्राचं डोकं ठिकाणावर आहे असं समजायचं. बाकीचे लोक त्यासाठी परदेशातून मागवलेली महागडी चकती वापरत. रोशनीही वापरायची, पण तिच्या जोडीला खणातून एक काचेची बाटली काढायची. बाटलीत नखाएवढा काशाचा तुकडा होता. तो तिच्या आईच्या वाटीचा.

काशाची वाटी काय चीज असते, हे ज्याच्या तळव्यांवरून ती कधी फिरली त्याला सांगावं लागत नाही. गोंडपिपरीच्या घरी संध्याकाळची जेवणं उरकली की गिरजाबाई पोरांना ओळीनं बसवायची, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल तळव्यांना चोपडायची आणि वाटी पालथी धरून घासत राहायची. पाय काळेकुट्ट होईपर्यंत. अंगातली सारी रग त्या काळ्यातून निघून जाते असं तिचं म्हणणं. रोशनीचे वडील रामाजी गुरुजी. धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या शिकलेल्या पिढीतले, घरात देव नाही, नवस नाही, आणि कुणी काही सांगितलं की "पुरावा काय?" हा प्रश्न ठरलेला. ते समजावून सांगत, की तेलाशी तांब्याची गाठ पडते म्हणून काळं होतं, रग वगैरे काही नाही. गिरजाबाई हात न थांबवता म्हणायची, पोट्ट्यांना झोप लागते ना, मग झालं.

सगळ्यांत आधी झोप लागायची धम्मदीपला. रोशनीहून धाकटा, आणि पाय बारा महिने थंडगार. वैशाखात गोंडपिपरीचा दगडही तापतो, पण धम्मदीपचे पाय तापत नसत. दोन्ही पाय ताणून, हात मागे टेकून, मान किंचित उजवीकडे कलती ठेवून तो बसायचा आणि तसाच बसल्याबसल्या झोपायचा. मोठा झाला, मिशी फुटली, भूशास्त्राची पदवी घेतली, तरी गावी आला की पाय ताणून आईसमोर हजर. रोशनी त्याला घोडा म्हणायची.

कासं वाकत नाही, तुटतं. एका दिवाळीत घासताना वाटी धम्मदीपच्या हातून निसटली आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले. अर्धी गिरजाबाईनं पेटीत ठेवली. अर्धी त्यानं मागून घेतली. रोशनीनं आपला नखभर तुकडा त्याच्या अर्ध्यातून मोडून घेतला, निव्वळ शिकाऊ वयातली हौस म्हणून.

त्यानंतरच्या हिवाळ्यात धम्मदीप हरवला. तो अहेरीकडे एका सर्वेक्षणाच्या तुकडीत कामाला होता. नाल्याकाठचे दगड गोळा करायचे, पुड्या बांधायच्या, वर पाठवायच्या. फोनवर ताईला म्हणाला होता, की मुलचेऱ्याच्या पुढे ओताऱ्यांचा एक टोला, म्हणजे धातू ओतणाऱ्यांची वस्ती आहे, तिथे लटारूभाऊकडून वाटीच्या अर्ध्याचं कडं ओतून घेतो आहे. दोन दिवसांनी त्याची मोटारसायकल नाल्यापाशी सापडली, किल्लीसकट. कुणी वाघ म्हणालं. कुणी आणखी काही म्हणालं, जे या भागात मोठ्यानं म्हणत नाहीत. कुणी म्हणालं नदी ओलांडून तेलंगणात गेला असेल, जवान पोरगा आहे. पोलिसांनी ओताऱ्यांना विचारलं. तो आला होता आणि गेला, एवढंच त्यांनी सांगितलं. रामाजी गुरुजी त्या धक्क्यातून उठले नाहीत.

गिरजाबाई मात्र कुणाचंच ऐकायला तयार नव्हती. त्याच्या नावानं पुण्यानुमोदन, मेल्यामागचा तो विधी, करू द्यायची नाही. मेल्याचा पुरावा दाखवा, म्हणायची, नवऱ्याचंच शस्त्र उपसून. रोज जेवताना एक ताट जास्तीचं घ्यायची आणि सकाळी ते न उष्टावलेलंच धुऊन फळीवर ठेवायची. आठ वर्षं असं चाललं. महिन्यातून एकदा गावी गेल्यावर रोशनीला ते ताट बघवत नसे, आणि ते नसतं तर तेही बघवलं नसतं.

यंदा दिवाळीनंतर अहेरीच्या अलीकडे एका शेतात शेततळं खोदताना कासं निघालं. घंटा, बैल, दोन हत्ती, काही कडी आणि एक माणूस. सगळं हिरव्या गंजानं माखलेलं. रीतसर पंचनामा होऊन ते नागपूरला आलं, आणि हे कासं कुठल्या मुलखातून आलं ते शोधायचं काम रोशनीच्या टेबलावर पडलं.

हे शोधण्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. कासं तांब्याचं आणि कथलाचं. चिमूटभर शिसं त्यात न बोलावता येतं. शिशाचे अणू चार वजनांचे असतात आणि त्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं, जशी विहिरीगणिक पाण्याची चव. भट्टीत घाला, ठोका, दोन हजार वर्षं मातीत पुरा, ती चव जात नाही. फक्त मोडीतून केलेल्या भांड्यात दहा विहिरींचं पाणी एकत्र झालेलं असतं, आणि त्या मिसळीची चव दुसऱ्या कशाशीच जुळत नाही. गिरजाबाईची वाटी तशीच होती. कुण्या फिरत्या कासारानं मोडीतून ओतलेली, ना एका खाणीची ना एका गावाची. म्हणून तर ओळखीचा घास म्हणून ती बरी.

घंटा, बैल आणि हत्तींची उत्तरं पूर्वेकडच्या एका जुन्या खाणीकडे बोट दाखवत होती. माणसाचं उत्तर आलं तेव्हा रोशनीला वाटलं, आपण नमुना चढवताना चुकून आपलीच बाटली उघडली.

माणसाची चव वाटीची होती. शेवटच्या आकड्यापर्यंत.

विभागप्रमुख पेंदाम सर भला माणूस. ते रागावले नाहीत, पण कपाळाला आठी घालून म्हणाले, की घरची भांडी प्रयोगशाळेत आणली की असं होणारच. तिलाही ते पटलं. तिनं हत्यारं धुतली, बाटली क्वार्टरवर नेऊन ठेवली, मूर्तीच्या दुसऱ्या जागेतून नवा कीस काढला. उत्तर तेच. मग सरांनी स्वतःच्या हातानं कीस काढून दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेला पाठवला, जिथे गिरजाबाईची वाटी कुणी स्वप्नातही पाहिलेली नव्हती. तिथूनही तेच आलं. मूर्तीच्या पोटातल्या मातीत कोळशाचे कण होते, त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या आसपास निघालं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि योगायोग असा शब्द उच्चारला. त्यांच्या तोंडून तो तिनं पहिल्यांदा ऐकला.

तोवर रोशनीनं त्या माणसाला नमुना म्हणूनच पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं त्याला खिडकीपाशी नेलं. वीतभर उंची. एका चपट्या पाट्यावर तो बसला होता. दोन्ही पाय समोर ताणलेले, हात मागे टेकलेले, उजव्या मनगटात एक कडं. नाक-डोळे गंजानं खाल्लेले. मान किंचित उजवीकडे कललेली. त्याच्या तळव्यांसमोर पाट्याची कड तुटकी होती आणि तिथे दोन भोकं होती, पूर्वी कुणीतरी समोर बसवलेलं असावं तशी.

त्याला तिनं परत टेबलावर ठेवलं. मग तिनं रजेचा अर्ज दिला.

मुलचेऱ्याच्या पुढे बंगाली निर्वासितांच्या गावांची भातशेती संपते आणि जंगल सुरू होतं, तिथे ओताऱ्यांचा टोला आहे. लटारूभाऊ आता बराच म्हातारा झाला होता. अंगणात त्याची बायको बुधरी वारुळाची माती चाळत होती. रोशनीनं नाव सांगितलं तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ओताऱ्याची रीत तिला पुस्तकातून माहीत होती: मातीच्या गोळ्यावर मेणाच्या दोऱ्यांनी वस्तू घडवायची, वरून माती लिंपायची, भाजली की मेण वितळून जातं आणि आत तिच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत धातू ओतायची, साचा फोडायचा. पुस्तकात नव्हतं ते लटारूभाऊनं सांगितलं. पोलिसांना काऊन नाही सांगितलं, असं ती विचारणार होती, पण ऐकल्यावर तिनं विचारलं नाही.

"कदी कदी साचा सारी धातू पिऊन टाकते, बाई," तो म्हणाला. "ओतत राहा, ओतत राहा, भरतच नाई. फोडून पाहा तं आत काईच नाई. माहा बाप म्हणे, कोन्या दुसऱ्याच्या साच्याले लागत असन, तिकडे गेली. असा साचा ज्याची धातू त्यानंच दिवस बुडाच्या आत आपल्या हातानं फोडा लागते. कुठी गेली, हे ईचारू नाई."

"आणि माझ्या भावाचं?"

"त्याचं कडं पिऊन टाकलं ना. मी म्हटलं फोड बापू, आन घरी जा. तो हासला. काऊन फोडू म्हणे, हा तं पुरावा होय. तोंडाले कान लावून बसला साच्याच्या. लय वेळ. मंग म्हणे, भाऊ, आतमंदी कोनीतरी बोलून राह्यलं." लटारूभाऊनं जंगलाकडे हात केला. "रुमालात बांधून घेऊन गेला साचा. नाल्याकडे."

रोशनी तिथून निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती शास्त्राची नव्हती. पुरावा होय म्हणे. त्या घरात वाढलेलं दुसरं कोण काय म्हणालं असतं? वाघाला, बंदुकीला, नदीला जे जमलं नसतं ते बाबांच्या एका प्रश्नानं केलं असेल, असं तिला वाटून गेलं, आणि मुलचेऱ्याच्या बसथांब्यावर चारचौघांदेखत तिला रडू फुटलं.

तिनं आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गिरजाबाईनं फोनमधला फोटो पाहिलाच. चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. रोशनी घाईघाईनं सांगत होती, की हे फार जुनं आहे, माणसं पाय ताणून बसतातच, मान कुणाचीही कलते. गिरजाबाईनं तिला बोलू दिलं. मग पडद्यावर त्या दोन भोकांपाशी बोट ठेवलं.

"इथी कोन होतं वो?"

"माहीत नाही, माय. तो भाग सापडला नाही."

मग टोल्यावर काय ऐकलं तेही रोशनीला सांगावं लागलं. गिरजाबाई उठली. पेटी उघडली, खालपर्यंत हात घातला आणि लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली अर्धी वाटी बाहेर काढली. तिला काय म्हणायचंय हे रोशनीला न बोलता कळलं, आणि शिकलेल्या मुलीनं करायला हवं ते सगळं तिनं केलं. समजावलं, चिडली, बाबांचं नाव काढलं. म्हातारी ऐकून घेत होती आणि वाटीवरची धूळ पदरानं पुसत होती. शेवटी म्हणाली, की तिला पुरावा-बिरावा नको, आठ वर्षांत त्याच्या पायाला कुणी हात लावला नाही, एवढंच तिला कळतं.

संक्रांत झाल्यावर दोघी टोल्यावर गेल्या. लटारूभाऊ आधी नाहीच म्हणाला. भट्टी विझलीये म्हणाला, माती ओली आहे म्हणाला. गिरजाबाई त्याच्या ओसरीवर बसून राहिली. बुधरीनं पाणी दिलं, ते प्याली.

"माह्या पोराचे पाय थंडे पडतात, भाऊ," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं बुधरीकडे पाहिलं आणि मातीत हात घातला.

साचा वाटीचाच करायचा ठरला. लहानशी, मुठीत मावेल अशी. माती सुकेपर्यंत दोघी तिथेच राहिल्या. रोशनीनं हरेक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहिली. साच्याला कुठे तडा नाही, तळाला भोक नाही, ठेवायच्या जागेची वाळू कोरडी. अर्ध्या वाटीची धातू एवढीशी पोकळी भरून वर उरायला हवी होती, हा साधा हिशेब होता.

ज्याची धातू त्यानं भट्टीपाशी बसायचं आणि ओतताना ज्याच्यासाठी करायचं त्याचं नाव मनात घ्यायचं, अशी तिथली रीत. गिरजाबाई पाट घेऊन बसली. उन्हं कलती झाली होती. कोळसा लाल झाला, मग पांढरा. लटारूभाऊनं लांब चिमट्यानं मूस उचलली आणि वाकवली.

पिवळी धार साच्याच्या तोंडात उतरली.

ती उतरतच राहिली. साच्याच्या तोंडाशी उजेड वर यायला हवा होता, तो आला नाही. आवाजही आला नाही. मूस रिकामी झाली तेव्हा लटारूभाऊनं ती उलटी करून दाखवली आणि दोन पावलं मागे सरकला.

रोशनीनं वाळू चाचपली. कोरडी होती, आणि गार. तिनं चिंधीनं साचा उचलला. तो कोमट असेल एवढाच, आणि मातीचा असतो त्याहून जड नव्हता.

गिरजाबाईनं हात पुढे केले. साचा मांडीवर घेतला, वाकून त्याच्या तोंडाला कान लावला. तिच्या चेहऱ्याकडे रोशनी बघत होती. आठ वर्षांपूर्वीचा आईचा चेहरा कसा होता ते ती विसरली होती. तो आता तिला आठवला.

लटारूभाऊनं हातोडी आणून पाटापाशी ठेवली. दिवस झाडांना टेकला होता. गिरजाबाईनं हातोडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग म्हातारा रोशनीकडे वळला. तुह्या मायचीच धातू होय, तुलेबी चालते, एवढंच म्हणाला.

तिनं हातोडी उचलली.

एक घाव पुरला असता. वाळलेली माती ती, पोरानंही फोडली असती. पण तिला दिसत होतं, की साऱ्या जगात धम्मदीपकडे जाणारी वाट असलीच तर ती आईच्या मांडीवर आहे, आणि ती आपल्या हातानं बंद करायची आहे. तिला भाऊ हवा होता. घोडा म्हणायला, ओरडायला, नुसता समोर पाय ताणून बसायला हवा होता. तिनं हातोडी खाली ठेवली.

"पुरावा आहे," ती म्हणाली.

ते लटारूभाऊला पटलं नाही, बुधरीला पटलं नाही, आणि तिला स्वतःलाही पटलं नाही. झाडांमागे दिवस बुडाला. बुधरीनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर गिरजाबाईनं जास्तीचं ताट काढणं बंद केलं. शेजारच्या खुशबूनं रोशनीला ते कौतुकानं फोन करून सांगितलं, की काकूंनी एकदाचं मन सावरलं. शनिवारी रोशनी गावी गेली. सकाळी आई न्हाणीपाशी हात धूत होती. तळहात काळे होते. काळं बोटांच्या पेरांत, नखांत, मनगटापर्यंत गेलेलं. टोरीच्या तेलाचा वास येत होता, आणि घरात आता काशाचा कणही नव्हता.

रोशनीनं चुलीकडे पाहिलं. चूल कधीच बंद पडली होती. स्वयंपाक गॅसवर होत होता. विचारावं की नाही यात तिचा चहा गार झाला.

"आता होतात गरम," गिरजाबाई आपणहून म्हणाली. हात पुसता पुसता पुढे म्हणाली, "तुह्याबद्दल ईचारते तो. ताई कदी येते म्हणते."

फाल्गुनात ती गेली. झोपेत, कण्हली नाही की कुणाला हाक मारली नाही. बायांनी आंघोळ घातली तेव्हा तळहातांचं काळं काही निघेना. खुशबूनं साबणानं घासलं, राख लावली, मग सोडून दिलं. रोशनीनं आईचं आणि धम्मदीपचं पुण्यानुमोदन एकाच दिवशी केलं. लोक म्हणाले, बरं केलंस. साचा आईच्या उशापाशी होता. तो तिनं नागपूरला आणला आणि क्वार्टरमध्ये खोलीतल्या फळीवर ठेवला, काचेच्या बाटलीशेजारी. तो फोडायचं तिच्या मनात अनेकदा आलं आणि दर वेळी तिनं दुसरं काहीतरी काम काढलं.

मे महिन्यात शेततळ्यात झिरपलेलं पाणी आटलं आणि तळाच्या चिखलात आणखी एक तुकडा निघाला. पेंदाम सरांनी तो तिच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनाच आनंद मावत नव्हता. जुन्या पाट्याच्या दोन भोकांत याचे दोन खुंट चपखल बसत होते. हिरव्या गंजाचा थरही एकसारखा, दोन हजार वर्षांचा. रोशनीनं या वेळी फक्त परदेशी चकती वापरली. उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं. ते तेच आलं.

पाट्यावर आता दोघं होती. समोर एक बाई उकिडवी बसलेली. डाव्या हातात माणसाचा पाय धरलेला, उजव्या हातात पालथी वाटी, अख्खी. मान मात्र पायाकडे नव्हती. ती बाजूला वळून बघत होती. ती बघत होती त्या बाजूला, तिच्या पाट्याच्या कडेला, मोडल्याची खूण होती आणि दोन भोकं होती.

तिसराही कुणी असणार, सर उत्साहानं म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात नीट खोदू.

रोशनीनं त्या भोकांवरून बोट फिरवलं. बाकी सगळीकडे गंज होता. भोकांच्या आत कासं पिवळंधमक होतं.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. फळीवरचा साचा पाहिला, बाटलीतला नखभर तुकडा पाहिला. लटारूभाऊचा फोन नंबर तिच्याकडे होता. तो तिनं काढला, आणि फोन बाजूला ठेवला. तिला आईची आठवण येत होती. जेवली नाही. पंखा लावून आडवी झाली आणि कधी नव्हे ती गाढ झोपली, लहानपणी झोपायची तशी.

सकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तेव्हा जाग आली. अंग हलकं झालं होतं. ती उठून न्हाणीघरात गेली, तोंडावर पाणी मारलं, टॉवेल शोधायला मागे वळली.

पांढऱ्या फरशीवर तिच्या पावलांचे काळे, तेलकट ठसे उमटले होते. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, एकामागे एक. बाहेरच्या दारापासून पलंगापर्यंत मात्र एकही नव्हता.